चढलात त्याच गिअरमध्ये उतरा

मे संपत आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एसी थंड होत नाही ही तक्रार मागे पडते आणि घाट, पाऊस, ब्रेक, टायर यांची पत्रं येऊ लागतात. मी वाईला, पसरणी घाटाच्या पायथ्याशी लोकांना गाडी शिकवते. धाकट्या भावाचं गॅरेज आमच्या ड्रायव्हिंग स्कूलला लागूनच आहे, त्यामुळे घाटातून तापून आलेल्या गाड्या बऱ्याचदा आमच्याच दारात थांबतात. पहिल्या प्रश्नाला मी जास्त जागा घेणार आहे, कारण तो प्रश्न जिवाचा आहे.

ताई, महाबळेश्वरहून परतताना पाचगणी सोडून निम्मा घाट उतरलो आणि गाडीतून जळका वास यायला लागला. ब्रेकचं पेडल मऊ लागून खोल जाऊ लागलं. घाबरून अर्धा तास थांबलो, तर ब्रेक पुन्हा ठीक! चिंचवडला आल्यावर गॅरेजमध्ये दाखवलं, तर म्हणाले पॅड चांगले आहेत. मग झालं काय? आमचे मिस्टर पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात, त्याचा काही संबंध?
*– वाचक, चिंचवड*

संबंध आहे, आणि थेट आहे. आधी एक सांगते, तुम्ही थांबलात ते फार चांगलं केलंत. बरेच जण ‘आता खाली पोचतोच आहोत’ म्हणून तशीच गाडी रेटतात.

पाचगणी वाईपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंचावर आहे. माणसांसकट १४०० किलोची गाडी तेवढी खाली येते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती वीसेक लिटर पाण्याला उकळी आणायला पुरेल. ही ऊर्जा कुठेतरी जायला हवी. गाडी गिअरमध्ये असेल तर तिचा बराच भाग इंजिन अडवून धरतं. न्यूट्रल केलीत की वारा आणि टायर यांच्या वाट्याला जाईल तेवढी सोडून बाकी सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाते.

तुमचे पॅड चांगले असतीलही. मऊ पेडल हे बहुतेक वेळा ब्रेक ऑइल उकळल्याचं लक्षण असतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि तो त्याचा स्वभावच आहे. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शिरलं की हा आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खोल जातो आणि चाकाला काही पोचत नाही. थंड झालं की वाफेचं पुन्हा ऑइल होतं आणि गॅरेजमध्ये सगळं ठीक दिसतं. गॅरेजवाले खोटं बोलले नाहीत, त्यांनी फक्त पॅडच पाहिले. आता कुठे गळती नाही ना ते बघायला सांगा आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्या. वरून थोडं ओतून चालणार नाही, चारही चाकांची एअर काढली पाहिजे. गाडी कमी फिरली असली तरी दर दोन वर्षांनी हे काम करायचंच. सीट कव्हरला हजारो रुपये घालणारी माणसं या कामाला ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता न्यूट्रलबद्दल. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत, गिअर टाकलेला आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल तर उतारावर इंजिनला पेट्रोल जाणंच बंद होतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल जात राहतं. म्हणजे मिस्टरांची बचत उलटीच होतेय. आणि कुणी चावीच बंद करत असेल तर त्याला हात जोडून सांगा: इंजिन बंद झालं की पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर एकदोनदा दाबण्यापुरताच साथ देतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि चावी काढलीत तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

एसटीचे जुने ड्रायव्हर सांगायचे तेच मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या घाटाआधी सांगते: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. उतार लागायच्या आधी गिअर कमी करा, वळणात शिरल्यावर नव्हे. इंजिनचा आवाज वाढेल, इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा तीन हजारांवर जाईल, जाऊ द्या. त्याने इंजिन बिघडत नाही. ऑटोमॅटिक असेल तर डी सोडून एल किंवा मॅन्युअल मोड वापरा, तो त्यासाठीच दिला आहे. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरू नका. वेग वाढला की एकदा ठामपणे दाबा, आटोक्यात आला की पाय पूर्ण उचला. मधल्या वेळात ब्रेकला वारा लागतो.

तरीही वास आलाच तर सुरक्षित जागा बघून थांबा. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते किंवा तडकते. हँडब्रेक ओढून ठेवण्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगडाची उटी लावा. निघताना तो दगड रस्त्याच्या कडेला टाका. तो तसाच सोडून जाणाऱ्यांमुळे रात्री दुचाकीवाले पडतात, आमच्या घाटात हे नेहमीचं आहे. पेडल अगदीच खाली गेलं तर भराभर पंप करत राहा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. दरीच्या बाजूला कधीही नाही.

आणि समोरून चढणारी गाडी आली, रस्ता अरुंद असला, तर थांबायचं उतरणाऱ्याने. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलं आहे.

समृद्धीने नागपूरला जायचं आहे. टायरमध्ये नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही असं मित्र सांगतात. उन्हाळ्यात हवा दोनचार पॉइंट कमी ठेवावी असंही म्हणतात. काय करू?
*– वाचक, छत्रपती संभाजीनगर*

हवा कमी ठेवू नका. टायर फुटतो तो बहुधा कमी हवेमुळेच. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात दबते आणि उठते, त्यातून ती तापते, आणि ताशी १२० च्या वेगात तापत तापत शेवटी आतले थर सुटतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नुसता नायट्रोजन जरा हळू कमी होतो, एवढाच फायदा. तो भरलाय म्हणून हवा तपासायचीच नाही, हे मात्र धोक्याचं.

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किती हवा हवी ते छापलेलं असतं. गाडी भरलेली असेल तर तिथे वेगळा, जास्त आकडा असतो. तुम्ही सहकुटुंब सामान घेऊन निघालात तर तो पाळा. हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. वाटेत पेट्रोल पंपावर आकडा चारपाच पॉइंट जास्त दिसला तर हवा सोडू नका, गरम टायरमध्ये तो वाढणारच. स्टेपनीचीही बघा. ऐन वेळी ती चपटी निघते.

आता टायरचं वय. टायरच्या बाजूला ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. ३५१९ असेल तर टायर २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक होत जातं. सहा वर्षांच्या पुढचा टायर घेऊन मी द्रुतगती मार्गावर जाणार नाही आणि तुम्हालाही जाऊ देणार नाही. बाजूला फुगवटा आला असेल तर तो टायर त्याच दिवशी काढायचा. नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत टायर झिजला की ती संपली. पावसाळ्यासाठी मी ३ मिलिमीटर धरते, कारण पाणी बाहेर फेकायला खोली लागते. टायर गोटा होईपर्यंत वापरणं ही काटकसर नव्हे.

धावताना टायर फुटलाच तर ब्रेकवर उडी मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप पडू द्या, मग कडेला घ्या.

समृद्धीची मुंबई ते नागपूर लांबी ७०१ किलोमीटर आहे. तुमच्या वाट्याला तिचा मोठा भाग येईल, तोही बराचसा सरळ. मला टायरइतकीच तुमच्या डोळ्यांची काळजी वाटते. ताशी १२० ला गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंद डुलकी लागली की शंभर मीटर गाडीला कुणी चालकच नाही. दोन तासांनी उतरा, पाय मोकळे करा. जेवून लगेच चाक हातात घेऊ नका.

सासूबाई मागच्या सीटवर बसतात. बेल्टने त्यांना घुसमटल्यासारखं होतं, म्हणून लावत नाहीत. दोन वर्षांचा मुलगा त्यांच्याच मांडीवर असतो. मागे बसल्यावर तितका धोका नसतो ना?
*– वाचक, इचलकरंजी*

असतो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघं गेले, पुढचे दोघं वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या.

मांडीवरच्या बाळाचं गणित साधं आहे. ताशी ५० च्या वेगातली गाडी आदळून जेमतेम अर्धा-पाऊण मीटर दबत थांबली, तर १२ किलोचं मूल दोनशे किलोच्या आसपास जोराने पुढे ओढलं जातं. आजीचं प्रेम कितीही असो, हातांना ते पेलणार नाही. आणि आजीलाही बेल्ट नसेल तर तिचं स्वतःचं वजन बाळावर येतं. मुलासाठी चाइल्ड सीट घ्या, मागच्या सीटवर बसवा, आणि त्या सीटच्या उंची-वजनाच्या मर्यादेत बसतोय तोवर तोंड मागे करूनच बसवा. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर अशी उलट्या तोंडाची सीट कधीही लावायची नाही.

सासूबाईंची अडचण खरी आहे, ती उडवून लावू नका. खालचा पट्टा पोटावर येत असेल तर घुसमटणारच. तो खाली, कमरेच्या हाडांवर बसवा. वरचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मधून गेला पाहिजे. उंची कमी असेल तर तो मानेवर येतो. तेव्हा त्यांना कडेला दाराशी चिकटून न बसवता किंचित आत सरकवून बघा. पदर बेल्टच्या वरून घ्यायला सांगा, म्हणजे पट्टा अंगालगत राहतो. बेल्टच्या आत उशी किंवा शाल घालू नका. आधी अंगणात उभ्या गाडीत दहा मिनिटं लावून बसवा, गप्पा मारा. माझ्याकडे येणाऱ्या आज्यांना मी असंच शिकवते. बेल्ट न लावल्यास हजार रुपये दंड आहे, पण सासूबाईंना दंडाचं कारण सांगू नका, नातवाचं सांगा.

आंबोलीत पावसात काच आतून धूसर होते. पुसून पुन्हा तेच. आणि धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालवावं का?
*– वाचक, सावंतवाडी*

एसी लावा, अगदी गारठा असला तरी. तो हवेतला ओलावा काढून घेतो. हवेची दिशा काचेकडे करा, आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा आत येऊ द्या. हवं तर तापमान वाढवा. आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर नकोत. तुम्ही डावीकडे वळताय की उभे आहात, मागच्याला काहीच कळत नाही. लो बीम आणि फॉग लाइट पुरे. हाय बीम धुक्यावरून उलटा डोळ्यांवर येतो.

आमच्याकडे पाणी भरतं. इमारतीखाली उभी गाडी सीटपर्यंत बुडाली तर काय करायचं?
*– वाचक, चिपळूण*

२२ जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या गावाला पाण्याबद्दल मी काय सांगणार! फक्त एकच: पाणी ओसरल्यावर ‘सुरू होते का बघू’ म्हणून चावी फिरवू नका. इंजिनमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथून खर्च कुठल्या कुठे जातो. पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर मेस्त्रीकडून काढून घ्या आणि गाडी टो करून न्या. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड आहे का, ते आत्ताच, कोरडं असताना बघून ठेवा.

आम्ही दोघं सहा महिने मुलीकडे न्यू जर्सीला जातोय. गाडी सोसायटीत उभी राहील. शेजारी आठवड्याला पाच मिनिटं सुरू करून ठेवायला तयार आहेत.
*– वाचक, कोथरूड, पुणे*

शेजाऱ्यांचे आभार माना, पण पाच मिनिटं जागेवर नको. सुरू करताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढंही परत भरत नाही, आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. दर पंधरा दिवसांनी कुणी विश्वासू माणूस वीसेक किलोमीटर फिरवून आणणार असेल तर उत्तम. टायर, ब्रेक, बॅटरी सगळ्यांना बरं. तसं कुणी नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, टायरमध्ये तीनचार पॉइंट हवा जास्त भरा, हँडब्रेक सोडून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना उटी लावा. इतके महिने ओढून ठेवलेला हँडब्रेक चिकटतो. खाण्याचा कणही आत ठेवू नका, नाहीतर उंदीर येतील आणि वायरी कुरतडतील.

परत आल्यावर बॉनेट उघडून आधी घरटं बघा, गाडीखाली ऑइलचा डाग बघा. पीयूसी आणि विम्याची तारीख उलटली नाही ना, तेही. ब्रेक पहिले काही वेळा खरखरतील, डिस्कवरचा गंज निघाला की थांबतील. बॅटरी बसली असेल आणि शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप द्यायचा असेल तर लाल क्लिप आधी तुमच्या बॅटरीच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळी त्यांच्या मायनसला, आणि शेवटची काळी तुमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या रंग नसलेल्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटची क्लिप लावताना ठिणगी उडते. काढताना हाच क्रम उलटा.