संघ हरतो आणि घरातला मुलगा जेवत नाही

"मुलगा एरवी शहाणा आहे, पण त्याचा संघ हरला की दोन-दोन दिवस कुणाशी बोलत नाही, भरल्या ताटावरून उठून जातो. हे नुसते खूळ समजायचे, की त्याला डॉक्टरांकडे न्यायचे?" हा प्रश्न प्रत्येक मोठ्या स्पर्धेनंतर कोणी ना कोणी पालक मला विचारतात. त्यांना एका वाक्यात उत्तर हवे असते आणि ते तसे देता येत नाही, म्हणून एका मुलाची हकिगत सविस्तर सांगते. त्याची ओळख पटू नये यासाठी घरचे तपशील बदलले आहेत. सामन्याचे तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण त्यांच्याशिवाय त्याचे दुःख कळणार नाही.

२०१४ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस कोल्हापुरातल्या एका पेठेतून एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता आणि तालमीच्या संघात बचावफळीत खेळत असे. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे, की इथे पेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवरच्या सामन्याचा निकाल घराघरांत बोलला जातो, आणि विश्वचषक आला की गल्ल्यांमध्ये ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनीचे झेंडे फडकू लागतात व खेळाडूंचे डिजिटल फलक उभे राहतात. या मुलाने स्वतः वर्गणी गोळा करून गल्लीच्या तोंडाशी ब्राझीलचा झेंडा लावला होता.

"मॅडम, पंधरा-वीस दिवस झाले, धड जेवत नाही, रात्र रात्र मोबाइल बघत बसतो," आई सांगत होत्या. "ह्याचे वडील म्हणतात, ब्राझील कुठं आणि आपण कुठं, लाज वाटायला पाहिजे." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आणि माझ्याशी तर एक शब्द बोलत नाही." हे शेवटचे वाक्य मी वहीत लिहून ठेवले.

मुलाशी एकट्याने बोलताना मी त्याला कारण विचारले नाही. सामना सांगायला सांगितले. एवढ्या दिवसांत त्याला ते कोणीच विचारले नव्हते. घरात विषय काढला की वडील चिडत आणि मित्रांमध्ये काढला की टिंगल होई. ब्राझीलमध्येच भरलेल्या त्या वर्षीच्या विश्वचषकातला ब्राझील-जर्मनी उपांत्य सामना ८ जुलैचा, बेलो होरिझोंते शहरातल्या मिनेराव स्टेडियमवरचा. आपल्याकडे तो मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुरू झाला. तालमीच्या खोलीत मुले प्रोजेक्टर लावून बसली होती. ब्राझीलचा सर्वांत मोठा खेळाडू नेमार नव्हता, कारण कोलंबियाविरुद्धच्या सामन्यात पाठीत गुडघा बसून त्याच्या मणक्याला फ्रॅक्चर झाले होते. कर्णधार थियागो सिल्व्हा पिवळ्या कार्डांमुळे बाहेर होता. राष्ट्रगीताच्या वेळी बचावपटू डेव्हिड लुईझ आणि गोलरक्षक ज्युलिओ सेझर यांनी नेमारची जर्सी हातात धरली, तेव्हा खोलीतली मुलेही उभी राहिली होती. अकराव्या मिनिटाला कॉर्नरवर जर्मनीचा म्युलर मोकळा सुटला आणि पहिला गोल झाला. तिथपर्यंत तो नीट सांगत होता. पुढचे सांगताना तो बोटांवर मोजू लागला: तेवीस, चोवीस, सव्वीस, एकोणतीस. क्लोसे, क्रूस, पुन्हा क्रूस, खेदिरा. "तिसरा झाला तेव्हा मला वाटलं, दुसऱ्याचाच रिप्ले दाखवायला लागलेत. मग कोपऱ्यातला आकडा बदलला." मध्यंतराला पाच-शून्य आणि शेवटी सात-एक. स्वतःच्या देशात ब्राझील १९७५ नंतर कोणताही स्पर्धात्मक सामना हरला नव्हता.

सामना संपल्यावर जर्मनीच्या पाठीराख्यांनी फटाके लावले आणि पहाटे पाचला याच्या मोबाइलवर सात-एकचे विनोद येऊ लागले. हे सारे त्याने सलग सांगितले. रडला, पण थांबला नाही. चाहत्याच्या दुःखात ही मोठीच अडचण असते, की ते दुःख आहे हेच आसपासच्या लोकांना मान्य नसते. घरात मृत्यू झाला तर शेजारी डबा आणून देतात. संघ हरला तर त्याच माणसाला चिडवायला येतात. तोंडातून न निघालेले दुःख मग रात्री मोबाइलवर तेच गोल पुन्हा पुन्हा पाहण्यात जिरू लागते.

मी त्याला दोन गोष्टी स्पष्ट विचारल्या, ज्या अशा प्रत्येक वेळी विचारते. पैसे लावले होतेस का? आणि जगू नये असे विचार मनात येतात का? दोन्हींचे उत्तर नाही असे होते आणि ते खरे वाटले. पालकांनी पहिला प्रश्न टाळू नये. 'संघ हरल्याचे दुःख' म्हणून जे समोर येते त्याच्या तळाशी कधी कधी सट्ट्यात गेलेले पैसे आणि देणेकऱ्याची भीती असते.

दुसऱ्या भेटीत मी आईचा विषय काढला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "तिनं जर्सी धुतली." स्पर्धा सुरू झाल्यापासून प्रत्येक सामन्याला त्याने एकच पिवळी जर्सी घातली होती आणि ती न धुण्याचे ठरवले होते. पावसाळ्याच्या दिवसांत तिला वास येऊ लागला, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी आईने ती धुऊन दोरीवर टाकली. "मला कळतंय मॅडम, तसं काही नसतं. पण तिच्याकडं बघितलं की तेच आठवतंय. आणि मग माझीच लाज वाटते, की आईवर कसला राग धरून बसलोय."

इथे त्याच्या न जेवण्याचा उलगडा झाला. ज्या गोष्टीवर आपला काडीचाही ताबा नाही, तिच्यावर थोडा तरी ताबा आहे असे वाटावे म्हणून चाहते नेमाने एखादी कृती करतात. ठरलेली जागा सोडत नाहीत, ठरलेला शर्ट बदलत नाहीत. जिंकेपर्यंत त्याचे काही बिघडत नाही, उलट आपणही खेळात सहभागी असल्याचा आनंद त्यातून मिळतो. पण मोठा पराभव झाला की हाच समज उलटतो आणि अपराधी शोधू लागतो. चार गोल सहा मिनिटांत का झाले याला एकच एक कारण नव्हते; नेमार व सिल्व्हा यांची अनुपस्थिती, विस्कळीत झालेली मधली फळी, जर्मनीचा अचूक खेळ आणि यजमानपणाचे प्रचंड दडपण असे बरेच काही होते. एवढी सारी कारणे मनाला पेलत नाहीत, त्याला एक नाव हवे असते. या मुलाने आधी आईचे नाव घेतले आणि तिच्यावर राग धरल्याबद्दल शिक्षा मात्र स्वतःला केली.

मी त्याला मोआसिर बार्बोसाची गोष्ट सांगितली. ब्राझीलमध्येच झालेल्या १९५० च्या विश्वचषकात, १६ जुलै रोजी, माराकाना स्टेडियमवर सुमारे दोन लाख लोकांसमोर ब्राझीलला विश्वविजेता होण्यासाठी उरुग्वेविरुद्ध नुसती बरोबरी पुरेशी होती. ब्राझीलने आघाडीही घेतली. मग स्कियाफिनोने बरोबरी साधली आणि ७९ व्या मिनिटाला गिजियाने जवळच्या खांबालगत चेंडू आत मारला. सामना दोन-एक असा गेला. गोलरक्षक बार्बोसाला देशाने माफ केले नाही. ब्राझीलमध्ये जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची असते, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा अर्थाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. तो २००० साली वारला. दोन लाख माणसांचे खरे दुःख एका माणसावर टाकल्याने ते हलके झाले का, एवढेच मी विचारले. मुलगा पुढच्या वेळी स्वतःच वाचून आला आणि म्हणाला, की त्याच स्पर्धेच्या अंतिम साखळी फेरीत ब्राझीलने स्वीडनला सात-एक असे हरवले होते आणि ते इथे कुणाच्या गावीही नाही. हे सांगताना तो पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसला.

वडिलांना मी वेगळे बोलावले. ते कामावरून परस्पर आले आणि आल्या आल्या म्हणाले, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." मी त्यांना शारजाच्या १८ एप्रिल १९८६ च्या भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याबद्दल विचारले. शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या आणि चेतन शर्माच्या चेंडूवर मियाँदादने षटकार मारला होता. क्षणभर थांबून ते म्हणाले, "त्या रात्री मी जेवलो नव्हतो." पुढे दहा मिनिटे ते त्या चेंडूबद्दल बोलत राहिले आणि अजूनही चेतन शर्माला बोल लावत राहिले. मी त्यांना मुलासमोर हेच सांगण्याची विनंती केली. २००६ च्या जर्मनीतील विश्वचषकात म्युनिक परिसरात झालेल्या अभ्यासाविषयीही सांगितले. जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी तिथे हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या २.६६ पट झाल्या होत्या. आपला संघ खेळत असताना शरीर हा प्रसंग आपला आहे असेच मानते. त्यामुळे 'ब्राझील कुठं आणि आपण कुठं' हे वाक्य भूगोल म्हणून बरोबर असले, तरी मुलाच्या मनापर्यंत पोहोचत नाही.

एक काळजी मला आईवडिलांपेक्षा अधिक वाटत होती. मुलगा म्हणाला होता, की पावसाळ्यानंतर सराव सुरू झाला तरी तो जाणार नाही, कारण "डेव्हिड लुईझचं असं होतंय, तर आम्ही कोण?" अमेरिकेत एडवर्ड हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या निष्ठावान चाहत्यांवर केलेला अभ्यास या ठिकाणी उपयोगी पडतो. संघ हरल्याचे पाहिल्यावर या चाहत्यांचा स्वतःच्या क्षमतेविषयीचा अंदाजही खाली येत असे, आणि तोही खेळाशी संबंध नसलेल्या कामांबाबत. मुलाला हे समजले तेव्हा त्याला बरे वाटले, कारण आपली कुवत घटलेली नाही, पराभवानंतर ती तशी दिसते आहे, हा फरक त्याला पटला. त्या सामन्यानंतर डेव्हिड लुईझ कॅमेऱ्यासमोर रडत देशवासीयांची क्षमा मागत होता आणि प्रशिक्षक स्कोलारींनी जबाबदारी स्वतःवर घेतली, हेही आम्ही बोललो. त्याच स्पर्धेत चिलीविरुद्धच्या शूटआउटच्या वेळी ब्राझीलचे खेळाडू ढसाढसा रडले, तेव्हा संघाबरोबर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ रेजिना ब्रँदाँव यांना शिबिरात बोलावले गेले होते. एवढ्या मोठ्या खेळाडूंना मदत घ्यावी लागते, हे ऐकल्यावर माझ्याकडे यायची त्याची लाज बरीच कमी झाली.

आम्ही केलेले उपाय अगदी साधे होते. रात्री दहानंतर मोबाइल आईवडिलांच्या खोलीत राहील, त्या सामन्याच्या चित्रफिती महिनाभर पाहायच्या नाहीत, आणि एकदा तो सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत कागदावर लिहून काढायचा, ऑस्करने ९० व्या मिनिटाला केलेल्या गोलासकट. तो गोल त्याच्या सांगण्यात कधीच येत नव्हता. लिहिताना त्याला आणखी एक गोष्ट आठवली: शुर्लेने केलेल्या जर्मनीच्या सातव्या गोलाला मिनेरावमधल्या ब्राझीलच्याच प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या होत्या. जर्सीचे त्याने आईला घरीच सांगितले. त्या हसतील अशी मला भीती होती, पण त्या हसल्या नाहीत. "आधी सांगायचंस की रे बाळा, मी हात लावला नसता," एवढेच त्या म्हणाल्या, असे त्याने मला सांगितले. ऑगस्टच्या मध्यापर्यंत जेवण आणि झोप पूर्ववत झाली आणि सराव सुरू झाल्यावर तो मैदानावर गेला.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी सलग दहा सामने जिंकलेला भारत अहमदाबादला ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हरला, त्यानंतरच्या आठवड्यात मला आलेले बहुतेक फोन याच काळजीचे होते. मी पालकांना सांगते, की दोन-चार दिवस मूल रडले, चिडले, कमी जेवले तर घाबरू नका आणि थट्टाही करू नका. त्याच्याजवळ बसा, सामना सांगायला लावा, मध्ये बोलू नका. खेळाडूंना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना शिव्या लिहिणे सुरू झाले असेल, तर तिथे मात्र ठामपणे थांबवा. झोप, भूक आणि रोजच्या कामातला रस दोन आठवड्यांनंतरही परतला नाही, पैशांची लपवाछपवी दिसली, किंवा मरणाची भाषा एकदा जरी कानावर आली, तर वाट न पाहता समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जवळ कोणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते आणि फोन पालकांनी स्वतः केला तरी चालतो.