घाटात ऑटोमॅटिक गिअर अडकतो, गाडी बंद करून चालू केली की ठीक. गिअरबॉक्स बदलावाच लागेल का?

एवढ्यात तरी नाही. कसारा चढताना धक्का बसतो, सूचना येते, गाडी एकाच गिअरला धरून बसते आणि बंद करून चालू केली की नाशिकपर्यंत सुतासारखी सरळ येते, असं तुम्ही लिहिलंय. क्लच प्लेटी जळाल्या असत्या तर चावी फिरवून बऱ्या झाल्या नसत्या. असं अधूनमधून येणारं-जाणारं दुखणं बहुतेकदा करंट, तेल किंवा व्हॉल्व्ह बॉडीचं (गिअर बदलायला तेल इकडे-तिकडे वळवणारा भाग) निघतं.

अंबडला माझं गॅरेज आहे. तुमच्यासारखी गाडी आली की मी आधी विचारतो, स्कॅन कशाने केलं? साधा स्कॅनर इंजिनापुरतं वाचतो. तो पी०७०० हा बिघाडाचा कोड दाखवेल, म्हणजे फक्त 'गिअरबॉक्सची तक्रार आहे' एवढंच. खरा कोड गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये असतो आणि पुष्कळदा त्यासोबत बिघाडाच्या क्षणीचं तेलाचं तापमान, गिअर, व्होल्टेजही साठलेलं असतं. कोड उडवून 'आता बघा चालवून' म्हणायची आपल्याकडे भारी हौस! वाचून फोटो काढल्याशिवाय उडवू देऊ नका.

मग बॅटरी तपासा. इंजिन बंद करून उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. अशा ऑटोमॅटिक गाड्यांचे कंट्रोलर कमी व्होल्टेजला भलभलते कोड टाकतात.

पण घाटातच होतंय म्हटल्यावर माझा पहिला संशय तेलावर. 'गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलायचं नाही' असं कुणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका. बीएमडब्ल्यू एक्स५, रेंज रोव्हरमध्ये येणारा आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी बदला म्हणते. या तेलाची लेव्हल इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट धरून, तेल ३० ते ५० अंशांवर असताना बघायची असते. तापलेलं तेल फुगतं. तशात लेव्हल धरली तर जादाचं वाहून जातं आणि थंड झाल्यावर कमी भरतं. सपाटीला ते कळत नाही. चढावर तेल मागे सरकलं की पंप हवा ओढतो, तेलाचा दाब घसरतो आणि गिअर अडकतो. सेकंडहँड घेतलीय ना? मग आधीच्या मालकाने तेल कुठे, कसं बदललं ते जरूर विचारा.

तेल काढतील तेव्हा समोर उभे राहा. तेलाच्या ट्रेमधल्या चुंबकावर राखाडी लेप असणारच, त्याला घाबरू नका. चकचकीत तुकडे किंवा करपलेला वास आला तर मात्र बॉक्स उघडावा लागेल. वायरिंगच्या प्लगपाशी तेल ओलावलंय का तेही बघून घ्या. तिथली स्लीव्ह, म्हणजे प्लगभोवतीचं सील, गळते आणि ती बॉक्सच्या मानाने चिल्लर पैशात बदलते.

तोवर घाट टाळा. वाटेत अडकलीच तर दोरी बांधून ओढू नका, फ्लॅटबेडच (अख्खी गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक) मागवा. ओढताना चाकं फिरतात पण इंजिन बंद असल्याने पंप तेल देत नाही, आणि चांगला बॉक्सही त्यात जातो.