१९७० च्या दशकातली क्रूझिंग शिडाची बोट आणि आजची वेगवान बोट यांत खरा फरक काय? दोघांनीच प्रवास करायचा असेल तर कोणती बरी?

आपण विचारले आहे की किंमत बाजूला ठेवली, तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून पती-पत्नी दोघांनीच फ्रान्सला आणि पुढे कधीतरी स्पेनला जाण्यासाठी जुनी बोट घ्यावी की नवी. मी सहा वर्षे एका मित्राबरोबर अर्ध्या भागीदारीत १९७० च्या दशकातली कॉन्टेसा ३२ बाळगली, आणि गेले दोन हंगाम एका परिचितांच्या आजच्या वेगवान सन फास्ट ३३०० वर शर्यतींसाठी जातो आहे. म्हणून या दोन बोटींपुरतेच लिहितो. ‘जुनी बोट’ ही काही एकच जात नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘सुहेली’ आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली होती आणि तिची कील (तळाखालचा, बोटीला सरळ ठेवणारा जड पंखा) जवळजवळ पूर्ण लांबीची होती. तिच्यापुढे कॉन्टेसा बरीच आधुनिक ठरते.

कागदावर दोन्ही बोटी जवळपास सारख्याच लांबीच्या आहेत: कॉन्टेसा ९.७५ मीटर, सन फास्ट ९.९९ मीटर. मात्र कॉन्टेसाची पुढची आणि मागची टोके पाण्याबाहेर तिरकी झेपावलेली असल्यामुळे पाण्याला टेकणारी लांबी जेमतेम ७.३ मीटर भरते, आणि जड बोटीचा वेग याच लांबीने बांधलेला असतो. स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात ती अडकते आणि साडेसहा नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पुढे सहसा जात नाही. सन फास्टचे पुढचे टोक जवळजवळ उभे, तळ मागे रुंद आणि सपाट, रुंदी २.९० च्या जागी ३.४० मीटर आणि वजन ४,३०० च्या जागी ३,५०० किलो. त्यामुळे मागून चांगला वारा मिळाला की ती स्वतःच्या लाटेवर चढून घसरत सुटते आणि वेग दोन आकडी होतो. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील निडल्सच्या खडकांपासून फ्रान्सचे शेरबूर बंदर सुमारे ६० सागरी मैल आहे. कॉन्टेसाने आम्हाला अकरा तास लागत, सन फास्टने साडेसात-आठ. हे तीन तास दिसायला थोडे वाटतात, पण इंग्लिश खाडीत भरती-ओहोटीचा प्रवाह दर सहा तासांनी फिरतो, त्यामुळे पोहोचताना बंदराच्या तोंडाशी प्रवाह आपल्या बाजूने असेल की आडवा, हे याच तीन तासांवर ठरते.

परंतु हा वेग रिकाम्या बोटीचा आहे, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. पन्नास मीटर नांगरसाखळीचेच सत्तर किलो होतात; त्यात पाणी, डिझेल, हवेची छोटी बोट, महिन्याचे धान्य आणि दुरुस्तीची अवजारे धरली तर सहाशे किलो सहज भरतात. सन फास्टच्या वजनाचा हा सहावा हिस्सा असून एवढे ओझे घेतल्यावर ती लाटेवर चढायला कुरकुरते. कॉन्टेसा मुळातच लाट कापत जाणारी असल्यामुळे भार घातल्यावर तिचा स्वभाव फारसा बदलत नाही.

सुरक्षिततेविषयी आपण काळजीने विचारले आहे, तेव्हा इंग्लंडहून निघून आयर्लंडच्या फास्टनेट खडकाला वळसा घालणाऱ्या फास्टनेट शर्यतीचा, १९७९ च्या, उल्लेख टाळता येत नाही. त्या वादळात ३०३ बोटींपैकी ८५ च शर्यत पूर्ण करू शकल्या आणि शर्यतीतील पंधरा खलाशी मृत्यू पावले. सर्वांत लहान बोटींच्या वर्गातून एकच बोट शेवटपर्यंत पोहोचली, आणि ती ‘असेंट’ नावाची कॉन्टेसा ३२ होती. नंतरच्या चौकशीत या नमुन्याची तुलना त्याच शर्यतीतल्या एका हलक्या, रुंद बोटीशी केली गेली. ती हलकी बोट साधारण ११७ अंशांपर्यंत कलल्यावर पालथी होण्याकडे झुकत होती, तर कॉन्टेसा साधारण १५५ अंशांपर्यंत स्वतःहून सरळ होऊ पाहत होती. रुंद बोट सुरुवातीला ताठ उभी राहते, पण पालथी झाली की तीच रुंदी तिला पालथे ठेवते. त्यानंतर नियम कडक झाले, आजच्या बोटींच्या कीलच्या तळाशी वजन अधिक खोल नेले जाते, आणि २०१३ ची फास्टनेट तर पिता-पुत्रांच्या जोडीने दहा मीटरच्या एका हलक्या बोटीवर, सर्व वर्गांत मिळून, जिंकली. म्हणून ‘नवी म्हणजे धोक्याची’ असे मी म्हणणार नाही. परंतु बोल्टांनी जोडलेली खोल, अरुंद कील एकदा जरी खडकाला आपटली, तरी आतील जोड तपासल्याशिवाय खुल्या समुद्रात जाऊ नये, एवढे आग्रहाने सांगतो. २०१४ मध्ये ‘चीकी रफीकी’ या शिडाच्या बोटीची कील अटलांटिकमध्ये निखळली आणि तिच्यावरचे चारही जण गेले.

चालवण्यातला फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. सन फास्टला दोन सुकाणू आहेत; ती कलली की खालच्या बाजूचे सुकाणू पाण्यात सरळ उभे राहते, त्यामुळे झोताच्या वाऱ्यातही टिलर (सुकाणू फिरवण्याचा दांडा) दोन बोटांनी धरता येतो. बंदरात मात्र प्रोपेलरचे पाणी कोणत्याच सुकाणूवर थेट येत नाही, म्हणून मंद वेगात ती वळता वळत नाही. आणि वाऱ्याच्या विरुद्ध, आखूड लाटांत तिचा सपाट तळ इतका आपटतो की खालच्या बाकावर झोप लागत नाही. कॉन्टेसा लवकर कलते, डेकवर सतत पाणी घेते, आतून अरुंद आहे, पण तिची चाल मऊ आहे. दोघांच्या प्रवासात एक जण झोपलेला असायलाच हवा. म्हणून माझा कौल, वेग मनापासून आवडत असूनही, आपल्या कामासाठी कॉन्टेसाच्या बाजूने आहे.

त्यासाठी जुन्या बोटीची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागते. डोलकाठीच्या ताणाच्या तारा किती वर्षांच्या आहेत, हे विमा कंपनी विचारतेच. आमच्या बोटीत तळातून पाणी आत घेणारा पितळी व्हॉल्व्ह, बोट किनाऱ्यावर काढलेली असताना, माझ्या हातातच तुटला. तुटलेला भाग गुलाबी दिसत होता, म्हणजे पितळातले जस्त खाऱ्या पाण्याने खाऊन टाकले होते आणि उरले होते ते सच्छिद्र तांबे. हे पाण्यात असताना घडले असते तर काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो. आम्ही त्याच आठवड्यात सगळे व्हॉल्व्ह कांस्याचे बसवले.

विकत घेण्यापूर्वी दोन्ही प्रकारच्या बोटींवर वाऱ्याच्या विरुद्ध निदान सहा तास जा, आणि त्यातला एक तास टिलरपाशी न थांबता खाली बाकावर डोळे मिटून पडून राहा. हा तास आपण दोघांनीही आळीपाळीने घ्यावा.