सही बाईंची, खुर्ची मालकांची

प्रश्न: मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची अध्यक्षा आहे. अध्यक्षपद महिला राखीव निघालं म्हणून झाले. मिटिंगला माझ्या जागी मालकच बसतात, पीडीओही (पंचायत विकास अधिकारी) त्यांच्याशीच बोलतात. प्रोसिडिंग कन्नडमधून, मला वाचता येत नाही. दाखवतील तिथं सही करते. काय करू?

उत्तर: ताई, आधी सांगा, डिजिटल सहीची डोंगल कुठं आहे? तुमच्या कपाटात की मालकांच्या खिशात? बिलं तुमच्या आणि पीडीओंच्या सहीनं निघतात. उद्या गटारीच्या कामात घोळ निघाला तर नोटीस तुमच्या नावानं येईल. डोंगल आणि पासवर्ड आजच ताब्यात घ्या. घरात वाजेल, वाजू द्या. (1993 साली मी सदस्य झाले तेव्हा आमच्या अध्यक्षीणबाईंचा रबरी शिक्का त्यांच्या दिरांच्या खिशात असायचा. डोंगल आली, खिसा तोच.)

सदस्य नसलेल्या माणसाला सभेत सदस्याच्या जागी बसायचा हक्क नाही, हे पीडीओंनाच लेखी द्या. नवऱ्याला तोंडावर ‘उठा’ म्हणायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

कन्नडवर रुसून भागत नाही. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तोवर गावचं पाणी थांबायचं का? आपल्या मराठी शाळेतल्या पोरींनाही कन्नड विषय असतोच. पोरगीला घेऊन बसा, ठराव मराठीतून समजून घ्या, मगच सही. प्रत द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका. अध्यक्षीणबाईंनी आपल्याच पंचायतीत अर्ज टाकायचा म्हणजे हसू येईल लोकांना, पण 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

कर्नाटकात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या. बाकीच्या सदस्य बायकांना मिटिंगच्या आदल्या दिवशी चहाला बोलवा. एकीनं विषय काढला की दुसरीनं लगेच अनुमोदन द्यायचं, एवढंच ठरवा.

आणि ‘राखीव नसेल तर बाईला कोण मत देतंय’ हे ऐकून घेऊ नका. 2018 ला खानापूर, बेळगाव ग्रामीण, निपाणी, तिन्हीकडं बायकाच आमदार झाल्या, एकही जागा महिला राखीव नसताना. विधानसभेतलं एकतृतीयांश आरक्षण 2023 च्या घटनादुरुस्तीत आलं, तेही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू व्हायचं. पुढच्या वेळी तुमच्या वॉर्डातली जागा जनरल झाली आणि मालक म्हणाले, ‘आता मी उभा राहतो’, तरी तुम्ही तुमचा अर्ज भरा.