रेडिएशन दिलेल्या हृदयाच्या प्रोटीन-डेटात फायब्रोसिस का दिसत नाही?

तुमची अडचण अशी: उंदरांच्या हृदयावर 16 ग्रेचा डोस दिला, 16 आठवड्यांनी डावी जवनिका काढून मास स्पेक्ट्रोमेट्री (वस्तुमानावरून प्रोटीन्स ओळखण्याची पद्धत) केली. मायटोकाँड्रियाची (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागांची) प्रोटीन्स कमी झालेली दिसली, पण स्लाइडवर फायब्रोसिस (तंतुमय ऊतकाची वाढ) ढळढळीत असूनही डेटात कोलॅजन, म्हणजे त्या तंतूंचं मुख्य प्रोटीन, जैसे थे.

माझ्या मते तुमचं कोलॅजन गाळात गेलंय. ऊतक 8 मोलर युरियात विरघळवून सेंट्रिफ्यूज केलं आणि वरचा द्राव घेतला, असं तुम्ही लिहिलंय. एकमेकांत पक्कं गुंतलेलं कोलॅजन युरियाला दाद देत नाही. ट्यूबच्या तळाशी पांढुरका चिवट गोळा राहतो तो बराचसा तेच. तो फेकू नका. धुऊन 1 मोलर हायड्रॉक्सिलअमाइन आणि 4.5 मोलर ग्वानिडीनमध्ये, पीएच 9 ला, 45 अंशांवर 4 तास हलवत ठेवा. ट्रिप्सिन (प्रोटीनचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, करणारं एन्झाइम) घालण्याआधी ग्वानिडीन 1 मोलरच्या खाली आणा, नाहीतर एन्झाइम चालणार नाही. हा अंश वेगळाच चालवा. मायोसिन-अ‍ॅक्टिन या स्नायूंतल्या मुबलक प्रोटीन्सच्या गर्दीत मिसळला तर पुन्हा दबून जाईल.

तेवढ्यानेही भागलं नाही तर सर्चची, म्हणजे स्पेक्ट्रमवरून पेप्टाइड ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची, सेटिंग बघा. कोलॅजनमधल्या बऱ्याच प्रोलीनवर हायड्रॉक्सिल गट असतो. प्रोलीनवर +15.99 डाल्टनचा बदल ऐच्छिक (variable) म्हणून दिला नसेल, तर स्पेक्ट्रम उत्तम असूनही पेप्टाइड ओळखलंच जात नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हा बदल आपसूक मेथिओनिनपुरताच असतो, त्यामुळे ही चूक सर्रास होते.

आणखी एक, युरियातला नमुना 37 अंशांच्या वर तापवू नका. कार्बामिलेशन होऊन (युरियापासून आलेला गट प्रोटीनला चिकटून) वस्तुमान 43 डाल्टनने सरकतं. कंट्रोल सोमवारी आणि रेडिएशनवाले मंगळवारी असं तर चालवलं नाहीत ना? तसं असेल तर दिसणारा फरक मशीनचा की डोसचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. क्रम सरमिसळ करून पुन्हा चालवा.

मायटोकाँड्रियाची घट मात्र खरी वाटते. रशियातल्या मायाक अणुप्रकल्पाच्या कामगारांच्या हृदयाच्या नमुन्यांतही ती दिसली होती, आणि डोसबरोबर पीपीएआर-अल्फाचं (मेद जाळणाऱ्या जनुकांना चालना देणाऱ्या प्रोटीनचं) फॉस्फोरिलेटेड, म्हणजे फॉस्फेट गट जोडलेलं, निष्क्रिय रूप वाढलं होतं. हे प्रोटीन इतकं विरळ असतं की साध्या रनमध्ये सहसा सापडत नाही. उरलेल्या नमुन्यावर वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने एखादं प्रोटीन शोधण्याची चाचणी) करा, एकूण आणि फॉस्फो अशा दोन्ही अँटिबॉडी लावून. एकूण प्रमाण तेवढंच आलं तरी निराश होऊ नका, दोन्हींचं गुणोत्तर बघा.