आधी पुण्याचा क्लास की कारखान्याचा काटा?

प्रश्न : मुलगा बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन एकर ऊस आणि दोन म्हशी एवढ्यावर आमचं घर चालतं. जवळच्या साखर कारखान्याच्या शेतकी विभागात त्याला हंगामी संगणक ऑपरेटरची जागा मिळतेय, पण ती त्याला कमीपणाची वाटते. त्याला पुण्यात डेटा अॅनालिटिक्सचा सहा महिन्यांचा क्लास करायचाय. फी 1 लाख 80 हजार. ते नेमकं काय शिक्षण असतं हे तो मला नीट सांगत नाही. म्हशी विकून फी भरावी का? – एक आई, जि. कोल्हापूर

ताई, म्हशी विकू नका. बाकीचं सावकाश वाचा.

डेटा अॅनालिटिक्स म्हणजे काय हे मुलगा नीट सांगत नाही असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही ते रोज करता. संस्थेत दूध घातलं की हातात चिठ्ठी पडते : लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). फॅट सातावरून सहावर उतरली की तुम्ही पहिल्या दिवशी गप्प बसता, दुसऱ्या दिवशीही तेच दिसलं की वाळली वैरण कमी पडतेय का ते बघता आणि ओला चारा आवरता. चिठ्ठी ही माहिती झाली आणि वैरण बदलणं हा निर्णय. चिठ्ठी महिन्याने एकदम मिळाली असती तर तिचा काही उपयोग नव्हता. यंत्र कितीही भारी असलं तरी माहिती निर्णयाच्या वेळेला, निर्णय घेणाऱ्याच्या हातात पडली पाहिजे. तुमचा मुलगा जे शिकू बघतोय त्याचा गाभा एवढाच आहे. क्लासमध्ये त्याची अवजारं मिळतात.

आता कारखान्याकडे या. तिथे रोज पहाटे ठरतं की आज कुणाचा फड तोडायचा आणि कुठली टोळी कुठे पाठवायची. त्यासाठी लागणीची तारीख लागते, जात लागते (671 लवकर पक्व होतो, सगळ्या जातींना एकच फूटपट्टी लावता येत नाही), आडसाली (पावसाळ्यात लावलेला, दीड वर्षाचा) की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला) हे लागतं. तोडलेला ऊस जितका उन्हात पडून राहतो तितकी त्यातली साखर घटते, म्हणून तो चोवीस तासांत गव्हाणीत, म्हणजे गाळपाच्या पट्ट्यावर, पडावा असं बघतात. समजा, दिवसाला 5000 टन गाळणाऱ्या कारखान्याचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, नुसता 0.1 टक्क्याने घसरला. म्हणजे टनामागे एक किलो साखर कमी, दिवसाला 5000 किलो. किलोला 31 रुपये धरले तरी रोज 1 लाख 55 हजार रुपये आणि 120 दिवसांच्या हंगामात 1 कोटी 86 लाख. हे नुकसान एका चुकीच्या तोडणी कार्यक्रमातून, यार्डात ताटकळलेल्या ट्रॅक्टरांमधून गुपचूप होत असतं. ज्याला ते आकड्यांत पकडून शेतकी अधिकाऱ्यासमोर ठेवता येतं, त्या माणसाला मोल आहे. पुण्यामुंबईच्या जाहिरातींत त्यालाच एमआयएस एक्झिक्युटिव्ह किंवा बिझनेस अॅनालिस्ट म्हणतात.

नुसता संगणक आणून हे होत नाही. मी एका कारखान्यात मुलांच्या प्रशिक्षणासाठी गेलो होतो. तिथे नवी प्रणाली होती, मोठा पडदा होता, त्यावर रंगीत आलेख होते. पण तोडीचा कार्यक्रम ठरायचा गट ऑफिसातल्या जुन्या वहीवरून. विचारलं तेव्हा कळलं की चिटबॉयच्या (शेतावर जाऊन उसाची नोंद घेणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) नोंदी संगणकात संध्याकाळी चढतात आणि निर्णय पहाटेच होऊन गेलेला असतो. शिवाय तोड लवकर मिळावी म्हणून काही शेतकऱ्यांनी लागणीच्या तारखा मागे ओढून लिहिल्या होत्या. तुम्हीही ऊस लावता, तेव्हा असं का होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा तारखांवर कितीही हुशार प्रणाली चालवा, कोवळा ऊसच आधी तुटणार. शेतात जाऊन मोबाइलवर नोंद घ्यायला लागल्यावर क्षेत्र आणि जागेचा घोळ बराच मिटतो, पण तारखेचा मिटत नाही. त्यासाठी उसाकडे बघून ‘हा काही जुलैचा नव्हे’ म्हणणारा माणूस लागतो. तुमचा मुलगा फडात वाढलाय. पुण्याच्या वर्गात त्याच्या शेजारी बसणाऱ्यांपैकी किती जणांना हे येईल?

तुमच्याच भागातली एक गोष्ट त्याला वाचायला सांगा. 1998 साली वारणा खोऱ्यात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या 70 गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी योजना असं पुष्कळ काही त्यातून मिळावं अशी कल्पना होती. पुढे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या संशोधकांनी पाहिलं, तर केंद्रांचा खरा वापर मुख्यतः उसाच्या कामापुरता उरला होता. आपलं वजन किती भरलं, तोडीची परवानगी आली का, एवढंच लोक विचारत. त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवला आणि हीच माहिती एसएमएसवर दिली. काम भागलं, तेही स्वस्तात. मला या प्रयोगाबद्दल फार आदर आहे, कारण त्यांनी आधी लोकांचा प्रश्न ऐकला आणि मग यंत्र निवडलं. अलीकडे बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साथीने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालवलेत, उपग्रह आणि मातीतले सेन्सर वापरून. म्हणजे हे क्षेत्र वाढतंय आणि ते तुमच्या बांधापर्यंत आलंय.

म्हणून माझा सल्ला असा : त्याने हंगामी जागा घ्यावी. पगार कमी असेल, हे मी लपवत नाही. ऑपरेटर म्हणून आत गेलेला पोरगा आयुष्यभर ऑपरेटरच राहतो ही त्याची भीतीही खोटी नाही, मी तशी माणसं पाहिली आहेत. तेव्हा मुदत घाला. एक हंगाम, फार तर दोन. त्या काळात संध्याकाळी एक्सेल नीट शिकायचं, नुसत्या बेरजा नव्हे, पिव्होट टेबलपर्यंत. मग एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवं ते काढायची भाषा. बीसीएला त्याची तोंडओळख झालेली असणार. शेवटी पॉवर बीआय, म्हणजे आकड्यांचे आलेख आणि अहवाल करायचं सॉफ्टवेअर. त्याची डेस्कटॉप आवृत्ती फुकट उतरवता येते. ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवर संख्याशास्त्र आणि डेटाबेसचे चांगले अभ्यासक्रम आहेत. शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क. 1 लाख 80 हजारांत जे मिळणार त्यातलं बरंच इथे मिळतं. शिस्त मात्र त्याची त्याला लावावी लागेल, आणि तिथे तुमचा धाक कामाला येईल.

हंगाम संपल्यावर एमबीएची सीईटी द्यावी किंवा एमसीए करावं. एखाद्या खऱ्या कारखान्यातला खरा प्रश्न आपण कसा सोडवला हे मुलाखतीत सांगू शकणारा उमेदवार मागे पडत नाही. तेव्हा फीसाठी शैक्षणिक कर्ज काढायचं झालं तरी मी तुम्हाला अडवणार नाही, कारण पदवी मान्यताप्राप्त असेल.

आणि क्लासच हवा असा त्याने हट्ट धरला, तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी करा. मागच्या तुकडीतल्या पाच मुलांचे नंबर मागून घ्या आणि स्वतः बोला. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ लिहिलेला कागद बारीक अक्षरांसकट वाचा. तिथे पुष्कळदा नोकरीची हमी नसते, नुसतं ‘साहाय्य’ असतं.

त्याच्याशी बोलताना ‘घरची परिस्थिती बघ’ असं मात्र म्हणू नका. त्याला ती माहीत आहे, म्हणूनच तो तुम्हाला नीट काही सांगत नसावा. त्यापेक्षा दुधाची चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवा आणि यातून तुला काय दिसतं ते विचारा.

कामावर रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याने साधी वही घेऊन काट्याजवळ उभं राहावं. पन्नास वाहनांचे तीन रकाने भरावेत : ऊस कधी तोडला, काट्यावर कधी आला, गव्हाणीत कधी पडला. कुणाची परवानगी लागली तर शेतकी अधिकाऱ्यांना नीट विचारून घ्यावी, ते नाही म्हणणार नाहीत असं वाटतं. वही भरली की मला पत्राने कळवा. पुढचं मी त्याच्याशीच बोलेन.