कन्सल्टंट नेमकं करतात काय?

प्रश्न: ताई, मी मेकॅनिकल इंजिनियर, चार वर्षं रबाळे एमआयडीसीत पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये प्रोडक्शन बघतोय. मध्यंतरी आमच्याकडे कन्सल्टंट लोक येऊन बसले, आम्हालाच प्रश्न विचारले आणि आमचंच आम्हाला प्रेझेंटेशनमध्ये दाखवून गेले, फी मात्र बक्कळ. हे काम असतं तरी काय, आणि आयआयएमचा शिक्का नसलेल्या, इंग्रजी जेमतेम असलेल्या माणसाला जमेल का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर: तुमचा वैताग कळतो. पण तुम्हाला जे माहीत होतं ते मालकाच्या केबिनपर्यंत आकड्यांसकट कधी पोचलं होतं का? निम्मं काम तेच आहे हो. म्हणजे समजा माल वेळेवर जात नाही. शॉपवाले म्हणणार मशीन कमी पडतंय, मालक म्हणणार पोरं काम करत नाहीत, परचेसकडे विचाराल तर पत्र्याची कॉइलच उशिरा आली. चांगला कन्सल्टंट यातलं काहीच खरं न धरता घड्याळ घेऊन प्रेसपाशी उभा राहतो. शिफ्ट 480 मिनिटांची, चहा-जेवणात 45 गेली, डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) तीनदा बदलली आणि दरवेळी 50 मिनिटं लागली की 150 गेली, उरली 285. मग नवी प्रेस कशाला हवी? पुढची डाय, बोल्ट, पाने मशीन चालू असतानाच शेजारी आणून ठेवले आणि बदल 20 मिनिटांवर आला तर शिफ्टमागे दीड तास फुकटात मिळाला. ही पद्धत जपानचे इंजिनियर शिगेओ शिंगो यांची, त्यांचं टार्गेट तर दहा मिनिटांच्या आत होतं.

तर पहिलं स्किल हे, प्रश्नाचे तुकडे असे पाडायचे की एकात दुसरं मिसळत नाही आणि काही सुटतही नाही. मॅकिन्झी या बड्या कन्सल्टिंग फर्ममध्ये काम केलेल्या बार्बरा मिंटोंनी ही शिस्त बसवली, आणि रिपोर्टमध्ये निष्कर्ष आधी, कारणं मागून, हेही त्यांचंच. एक्सेल शिकता येतं, स्लाइड्स तर कोणीही करतो. अवघड आहे ते ऑपरेटरला बोलतं करणं, कारण कोट घातलेला माणूस वहीत लिहायला लागला की ऑपरेटर गप्प होतो, नोकरी जाणार असं त्याला वाटतं (आणि कधी कधी मालकाने खरंच त्यासाठीच बोलावलेलं असतं, हेही माहीत असू द्या). इथे तुम्ही एमबीएवाल्याच्या पुढे आहात.

आता शिक्क्याचं. मॅकिन्झी, बीसीजी, बेन या बड्या फर्मच्या स्ट्रॅटेजीच्या कामाला बहुतेक नामांकित कॉलेजातूनच घेतात, इंग्रजी फर्डं लागतं, वर केस इंटरव्ह्यू, म्हणजे ठाणे स्टेशनवर रोज वडापाव किती खपत असतील असलं काहीतरी विचारतात आणि उत्तरापेक्षा तुम्ही हिशेब कसा मांडता ते बघतात. तिथे सरळ उडी मारायला जाऊ नका असं मी म्हणेन. ऑपरेशन्स आणि लीनचं (म्हणजे वाया जाणारा वेळ-माल कमी करण्याचं) काम करणाऱ्या छोट्या फर्म असतात, त्यांना शॉप फ्लोअर पाहिलेला माणूस हवा असतो, आणि वागळे इस्टेट किंवा महापेच्या बारक्या कारखान्यात बोलणं मराठी-हिंदीतच चालतं. सरकारच्या एमएसएमई (लहान-मध्यम उद्योग) लीन स्कीममध्ये कन्सल्टंटच्या फीचा मोठा भाग सरकार उचलतं, त्यामुळे तिथेही कामं निघतात, चौकशी करा.

फिरतीची तयारी मात्र ठेवा, घरच्यांशी आधी बोला. आणि नोकरी सोडायच्या आधी आठवडाभर तुमच्याच एका प्रेसचे डाय बदलायचे वेळ लिहून काढा, एका पानात मांडा, मॅनेजरच्या टेबलावर ठेवा. इंटरव्ह्यूला दाखवायला सर्टिफिकेटपेक्षा ते पान बरं.